फोनवर ताई बोलायची

माझ्या नावाचं पहिलंच अक्षर, प, मला आडवं येतं. आजही येतं. कुणी नाव विचारलं की ओठ मिटतात ते उघडतच नाहीत. मानेची शीर ताठ होते. समोरचा माणूस आधी हसतो, मग खाली बघतो, आणि शेवटी कंटाळून दुसऱ्याच कुणाला तरी विचारतो. शाळेत मला तोतरी म्हणायचे. पण कबड्डीच्या मैदानात मध्यरेषा ओलांडली की तोंडातून ‘कबड्डी कबड्डी’ असं काही सुरू व्हायचं, की परत येईपर्यंत दम एकदाही तुटायचा नाही. त्या शब्दातून कुणाला काही सांगायचं नसायचं, म्हणून असेल. खरं कारण मी कधी कुणाला विचारलं नाही.

आमचं गाव मोताळ्याहून रोहिणखेडला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बाबांची पिठाची गिरणी आहे. गिरणी सुरू झाली की पट्ट्याच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. दळण आणणाऱ्या बायका हातानं सांगतात, जाड की बारीक. मी लहानपणी शाळेतून आले की तिथंच जाऊन बसायची. तिथं सगळेच माझ्यासारखे. बाबांना मात्र त्या आवाजाची सवय लागून ते घरीही मोठ्यानंच बोलत. शेजारी म्हणायचे, यांच्या घरात काय शिजतंय ते आम्हाला वास येण्याआधी कळतं.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी वाक्य सुरू करायची आणि ती संपवायची. दुकानात मी ‘निळा’ म्हणायला तोंड उघडलं की ताई म्हणणार, “निळा पेन द्या काका, जाड टोकाचा.” तिचं कधी चुकायचं नाही. मला काय म्हणायचंय हे माझ्याआधी तिला कळायचं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट, सगळ्यांच्या बहिणी असंच करत असतील असं मी धरून चालले होते.

मी बारावीत असताना अमरावतीला विभागीय स्पर्धा झाल्या. आमचा संघ उपांत्य फेरीत हरला, पण त्या सामन्यात माझ्या चढाया चांगल्या झाल्या. शेवटच्या एका चढाईत तिघींना बाद करून मी परत आले होते. सामना संपल्यावर आम्ही पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होतो, तेव्हा पांढरी टोपी घातलेला एक जाडसर माणूस आमच्या क्रीडाशिक्षकांजवळ आला. पुण्याजवळच्या एका कॉलेजचे ते क्रीडा संचालक. दरवर्षी असे फिरून ते आपल्या कॉलेजसाठी खेळाडू शोधत. फी, राहणं, जेवण सगळं कॉलेज करणार, खेळाडूनं शिकायचं आणि कॉलेजकडून खेळायचं.

त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “काय ग, किती वर्षं खेळतेस?”

मी तोंड उघडलं. आमचे सर पटकन म्हणाले, “सहावीपासून खेळते, सर.”

“लाजाळू दिसते.”

“हो, बोलते कमी.”

संचालक सरांनी खिशातून पेन काढून एका कागदावर आपला नंबर लिहिला. “मला फोन करायला सांगा तिला. तिनंच करायचा. तुम्ही नाही, वडील नाही. घर सोडून एवढ्या लांब तिला राहायचंय, तर बोलायलाही तिनंच पाहिजे. मी मुलीशी बोलल्याशिवाय कुणाला घेत नाही.”

परत येताना जीपमध्ये आमचे सर माझ्याशेजारी बसले होते. ते म्हणाले, “फोन केल्याबरोबर सांगून टाकजो. सर, मी अडखळते, मले थोडा टाइम द्या. यात लाजासारखं काय आहे? मघाशी मीच सांगायले पाह्यजे होतं, पण तुयासमोर कसं सांगू, असं झालं मले.”

मी मान हलवली.

घरी आल्यावर बाबांनी ही बातमी अर्ध्या गावाला ऐकवली. “पोट्टी पुण्याले जाईन आता!” दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे ओट्यावर बसलो. मी नंबर लावला. ‘सर, मी अडखळते’ हे वाक्य मी सकाळपासून मनात घोळवत होते. त्याच्या सुरुवातीचा स मला कधीच त्रास देत नाही, म्हणून मी खूश होते. पण पलीकडून पहिला प्रश्न आला, “हॅलो, कोण बोलतंय?”

म्हणजे नाव. ओठ मिटले.

“हॅलो? कोण? आवाज येत नाही.”

बाबा माझ्याकडे बघत होते. आईनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटतं पलीकडचा फोन आता ठेवलाच जाणार होता, तेवढ्यात ताईनं माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि माझं नाव सांगितलं. “सर, मी बोलतेय, मोताळ्याहून. अमरावतीला तुम्ही आमची मॅच पाहिली होती ना?”

ताई बुलढाण्याला बी.एस्सी. करत होती. तिला हवी तेव्हा पुस्तकातली मराठी बोलता यायची. एक ‘मले’ नाही, एक ‘काऊन’ नाही. सगळ्यांनी श्वास सोडला. मीसुद्धा सोडला. असा तो पहिला फोन झाला. कुणी ठरवून काही केलं नव्हतं.

त्यानंतर मात्र ते ठरून गेलं. ते टोपीवाले सर अधूनमधून फोन करायचे. ताई शनिवारी-रविवारी घरी असायची, म्हणून तिनं त्यांना सांगून ठेवलं होतं, इतर दिवशी क्लास असतो, सुट्टीत बोलूया. ते विचारायचे, डावीकडून चढाई सोपी जाते की उजवीकडून, सकाळी किती पळतेस, दूध-अंडी मिळतात का, पुढं काय शिकायचंय. मी ताईला चिकटून बसायची, कान मोबाइलच्या मागच्या बाजूला. मी हातानं सांगायची, ती बोलायची. ती मधेच हसायची, सरांना उलट विचारायची, “सर, तुमच्याकडे मॅटवर प्रॅक्टिस असते का? आम्ही अजून मातीवरच खेळतो.” ती फोनवरची मुलगी मला आवडायला लागली होती. तिला कशाचीच भीती वाटत नव्हती.

एकदा त्यांनी विचारलं, “अमरावतीला हरलात, त्या दिवशी काय वाटलं तुला?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं. हरल्यावर मला रडू आलं नव्हतं. मला फक्त मैदानातून निघायचं नव्हतं. परत एकदा खेळू द्या, आत्ताच्या आत्ता, असं वाटत होतं, आणि पुढच्या सामन्याच्या मुली आत आल्या तेव्हा मला त्यांचा राग आला होता. पण हे हातानं कसं सांगणार? ताईनं माझ्याकडे बघितलं आणि ती म्हणाली, “सर, खेळात हारजीत चालायचीच.”

“छान,” ते म्हणाले.

फोन झाल्यावर मी अडखळत अडखळत ताईला माझं उत्तर सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. “अव, त्यानं काय फरक पडते? त्यायले छान वाटलं ना.” ती स्वयंपाकघरात गेली. मला पहिल्यांदाच तिचा थोडा राग आला, आणि राग आल्याचं वाईटही वाटलं.

बारावीची परीक्षा झाली. मे महिन्यात निवड चाचणीला बोलावणं आलं. निघायच्या आदल्या दिवशी मी गिरणीत गेले. बाबांनी नुकतीच गिरणी बंद केली होती, अंगावर सगळं पीठ. मी म्हटलं, “बा-बाबा, सरायले आधी सांगू. फोन क-करू.”

बाबांना कळलं मी कशाबद्दल बोलतेय. “आता तोंडावर आलं अन् आता सांगते? त्यायनं तुया खेळ पाहू दे. एकदा खेळ पाह्यला का मंग सारं आपोआप होते. तुले काय तिथं भाषण देयाचं आहे?”

रात्रीच्या जेवणाला आई म्हणाली, “पोरीचं आयका ना जरासं.” बाबांनी ताटात आणखी भाजी वाढून घेतली. ताई म्हणाली, “मी येते संग. काही इचारलं तर मी आहो.”

आणि ताई आली.

कॉलेजच्या हॉलमध्ये निळी मॅट होती. माझ्याकडे मॅटवरचे बूट नव्हते, तिथल्याच एका मुलीनं आपले दिले. सकाळी आमचे गट पाडून सामने घेतले. पहिल्या दोन चढायांत मी घसरले. मग पाय कसा टाकायचा ते कळलं आणि पुढं मला काही आठवत नाही, फक्त मॅटचा रबराचा वास आणि माझाच आवाज, कबड्डी कबड्डी कबड्डी, न तुटणारा. टोपीवाले सर कडेला उभे होते. त्यांनी शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसलेलं मी पाहिलं. बाबांनीही ते पाहिलं. दुपारी डब्यातल्या भाकरी खाताना बाबांनी मला आपल्या वाट्याच्या मिरच्या दिल्या, त्या मला आवडतात म्हणून, आणि एरवी कधी न बोललेल्या हळू आवाजात म्हणाले, “झालं तुयं.”

दुपारनंतर एकेकीला आत बोलावत होते. पालकांनी बाहेर थांबायचं. खोलीत एक लांब टेबल, तिथं टोपीवाले सर आणि आणखी दोघं. माझे कागद त्यांच्यासमोर होते.

“ये, ये,” सर हसून म्हणाले. “फोनवरच्या मॅडम. बस. नाव सांग आधी या सरांना.”

ओठ मिटले. मी प्रयत्न केला. मान मागं गेली, डोळे मिटले गेले. मला माहीत होतं मी कशी दिसतेय. ताठरलेल्या शिरेत नाव अडकून बसलं होतं.

शेजारचा चष्मेवाला माणूस कागद खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. “नाव विचारलंय फक्त.”

सर म्हणाले, “घाबरली असेल. बरं, जन्मतारीख सांग.”

आकडाही आला नाही. पहिलाच आकडा पाच. पुन्हा तोच प.

चष्मेवाल्यानं आधार कार्ड उचललं. फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. मग तो सरांकडे वळून हळूच म्हणाला, पण मला ऐकू येईल इतपत, “नाव आणि जन्मतारीख. नेमक्या ह्याच दोन गोष्टी येत नाहीत हिला. मागच्या वर्षीचं विसरलात का?”

मागच्या वर्षी काय झालं होतं ते मला नंतर कळलं. एका मुलीनं धाकट्या बहिणीचे कागद दाखवून प्रवेश घेतला होता आणि त्यापायी त्यांचा अख्खा संघ स्पर्धेतून बाद झाला होता. त्या क्षणी मात्र मला एवढंच कळलं की सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“फोनवर तर छान बोलायचीस,” ते म्हणाले.

दार थोडं उघडं होतं. ताई आत आली. “सर, फोनवर मी बोलत होते. मी हिची बहीण. ही अडखळते, सर. लहानपणापासून. बाकी सगळं खरं आहे, कागद खरे आहेत, तुम्ही शाळेत विचारा.”

सरांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग ते ताईला नाही, मला म्हणाले, “खेळ मी पाहिला. खेळाबद्दल माझा काही प्रश्न नाही. अडखळतेस त्याचंही काही नाही, माझ्या संघातल्या एका मुलीला एका कानानं ऐकू येत नाही, ती कप्तान होती. पण इतके महिने मी कुणाशी बोलत होतो?”

मला उत्तर द्यायचं होतं. हेच तर मी विचारत होते स्वतःला. मी ‘सर’ म्हणाले. ‘सर’ एवढं नीट आलं. पुढचं यायच्या आत बाबा दारातून मोठ्यानं बोलायला लागले. साहेब, आमची चूक झाली, पोरीची नाही, आम्हीच केलं हे, तुमी मोठे लोक आहा. गिरणीत बोलावं तसे ते बोलत होते आणि त्या खोलीत गिरणी नव्हती. बाहेरच्या मुली आत डोकावायला लागल्या. चष्मेवाल्यानं हात वर केला. “काका, ओरडू नका.”

“मी ओरडत नाही, साहेब, माया आवाजच असा हाये,” बाबा म्हणाले, पण तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

“कळवतो,” सर म्हणाले. त्यांनी कधी कळवलं नाही. मला त्यांचा राग करता आला नाही, अजूनही येत नाही.

जालना, देऊळगाव राजा, चिखली असं करत एसटीनं आम्ही परत आलो. राजूरच्या घाटात बाबांना डोळा लागला. ताई खिडकीकडे बसली होती. मी तिला काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि अडकले. सवयीनं मी तिच्याकडे बघितलं, की ती आता वाक्य पुरं करेल. तिनं केलं नाही. ती थांबली. माझ्याकडे न बघता, खालच्या झाडांकडे बघत, माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहिली. मी ते अर्ध्यातच सोडून दिलं.

त्या दिवसापासून तिनं कधीच माझं वाक्य पुरं केलं नाही. लोक म्हणतील, चांगलं झालं. पण मला माझ्या बहिणीनं वाट बघायला नको होती. परक्या माणसासारखी ती थांबायची आणि मला आमच्यातलं काहीतरी कायमचं गेल्यासारखं वाटायचं. एकदा मी तिला तसं म्हणालेही. ती म्हणाली, “मले भेव वाटते आता. मी पुन्हा काही चुकीचं बोलीन.”

आमच्या क्रीडाशिक्षकांनी नागपूरकडच्या एका कॉलेजच्या मॅडमचा नंबर मिळवून दिला. या वेळी मी एकटीनं, शाळेच्या मैदानात उभं राहून फोन केला. “हॅलो, कोण?” पुन्हा तेच. मी अडकले. त्या म्हणाल्या, “हॅलो? हॅलो? रेंज नाही वाटतं,” आणि फोन कट झाला. मी परत लावला. परत तेच. माझ्या गप्प बसण्याला त्या रेंज समजत होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी उचललाच नाही.

मग मी आमच्या सरांनी जीपमध्ये सांगितलेलं वाक्य लिहून पाठवलं. मॅडम, मी अडखळत बोलते, मघाशी मीच होते, फोनवर मला थोडा वेळ द्याल का. आणि माझ्या चढायांचा, आमच्या सरांनी काढलेला एक व्हिडिओ.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. “मी थांबते, तू सावकाश बोल,” एवढं म्हणून त्या खरोखरच थांबल्या. मी माझं नाव सांगितलं. किती वेळ लागला मला माहीत नाही. मैदानाच्या कडेला बकऱ्या चरत होत्या, त्या इकडून तिकडे गेल्या. मी सगळं सांगितलं, मॅटवर घसरते तेसुद्धा, पुण्याला काय झालं तेसुद्धा. मी विचारलं, पाय मोडला तर शिकायला ठेवता की घरी पाठवता? त्या म्हणाल्या, हा प्रश्न मुलींनी विचारायला हवा, पण कुणी विचारत नाही. हरल्यावर काय वाटतं हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगणार होते.

शेवटी त्या म्हणाल्या, “तू महिनाभर आधी बोलली असतीस तर. या वर्षीच्या जागा भरल्या ग. पुढच्या वर्षी नक्की कर फोन.”

पुढच्या वर्षी मी केला. तो नंबर दुसऱ्याच कुणाकडे होता. मॅडम ती नोकरी सोडून गेल्या होत्या. नवीन सरांनी विचारलं, आता कितवीत आहेस, मग म्हणाले, आम्हाला यंदाच बारावी झालेल्या मुली हव्यात.

मी बुलढाण्याच्या कॉलेजात बी.ए. केलं. तिथं सात मुलींचा संघ जमवताना दरवेळी एक तरी कमी पडायची. कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाच्या घरी कापूस वेचायला माणूस नसायचा. दोन वर्षं आमचा संघ स्पर्धेला गेलाच नाही. तिसऱ्या वर्षी गेला तेव्हा माझा वेग गेला होता. हे असं जातं, एका दिवशी जात नाही, त्यामुळे कुणाला सांगताही येत नाही.

आता मी मोताळ्यात एका मेडिकलमध्ये काम करते. चिठ्ठी बघायची, औषध काढून द्यायचं. फार बोलावं लागत नाही. ताई लग्न होऊन जालन्याला असते. बाबांना आता खरंच कमी ऐकू येतं. आम्ही जेवताना फारसं बोलत नाही.

रविवारी शाळेच्या मैदानात मुली जमतात, त्यांना मी थोडं शिकवते. त्यातल्या एकीला या उन्हाळ्यात एका कॉलेजचा फोन आला. ती पळत मेडिकलमध्ये आली. तिला दमा आहे. पंप घेऊन खेळते, आणि फार चांगली खेळते.

“ताई, काय बोलू वं त्या सरायसंग? दम्याचं सांगू का नोको? आमचे भाऊ म्हणतात, नोको सांगू, मीच बोलतो म्हणतात तुया वतीनं.”

माझ्यापुढे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांना थांबवलं आणि जमेल तसं तिला सांगितलं. तू बोल. पहिल्याच फोनला सांग. भावाला शेजारी बसू दे, पण फोन तुझ्या हातात ठेव.

तिनं सांगितलं. ते सर म्हणाले, विचार करून कळवतो. त्याला आता बरेच दिवस झाले. प्रवेशाची मुदत संपत आलीय आणि तिचा भाऊ रस्त्यात भेटला तर माझ्याशी बोलत नाही. मी सांगितलं ते बरोबर होतं असं मला वाटतं. रोज वाटतं असं नाही.

काल ती सरावाला आली होती. मोबाइल तिनं दप्तरात न ठेवता रेषेच्या बाहेर चपलांवर ठेवला होता, आणि प्रत्येक चढाईनंतर परत येताना तिची नजर आधी तिकडे जात होती. मी तिला म्हटलं, लक्ष खेळात ठेव. ‘लक्ष’ म्हणायला मला वेळ लागला. ती गुडघ्यांवर हात ठेवून, धापा टाकत, मी बोलून होईपर्यंत उभी राहिली.